सातवा रकाना

अर्जावर सातवा रकाना : वडिलांचा हुद्दा.
मी वडगावहून आलेली, दुसऱ्या रेल्वे गेटात अडकून,
पिशवीत मार्कशीटच्या तीन झेरॉक्स,
आणि खिडकीत निवृत्त सुभेदार पाच्छापुरे,
चष्म्याच्या वरून बघणारे.
'वडील काय करतात?'
'माग आहे. म्हणजे मालकाचा. अप्पा विणतात.'
'मग सिव्हिल लिही की बाय.
फी चौथ्या ओळीत बघ.'

तक्त्यात चार ओळी. अधिकारी, जेसीओ, जवान, आणि आम्ही.
तीन ओळी आकडा पायऱ्या उतरत येतो
आणि चौथीवर एकदम माळ्यावर चढून बसतो.
अप्पांनी तक्ता ट्यूबखाली धरला,
सुताचा पीळ बघतात तसा.
'सहा साड्या जास्त,' म्हणाले.
तेवढंच.

कॅम्पातल्या दगडांनासुद्धा चुना लावलेला.
अर्थशास्त्राच्या तासाला
मागणी-पुरवठ्याच्या वक्राखालून रंगरूट चालत राहायचे,
एक-दो-एक, एक-दो-एक.
घरी खटक्याचं, इथं बुटांचं.
माझे कान दोन दिवसांत रुळले.

बाकावर शेजारी मंदाकिनी थोरवत, हवालदाराची मुलगी.
गाव जावळीतलं, पण तिनं ते पाहिलेलं चार सुट्ट्यांत.
फिरोजपूर, दिनजान, बबिना, कामठी :
शाळा ती अशी सांगायची जसे आम्ही बसथांबे.
तिच्या मराठीत हिंदी, माझ्या मराठीत कानडी,
भांडलो की दोघी इंग्रजीत शिरायचो
आणि भांडण तिथंच मरायचं, शब्द पुरायचे नाहीत.
'तुझं गाव कुठलं गं?'
'हेच की.'
'हेच म्हणजे? बसवर एक लिहिलंय, तू दुसरंच म्हणतेस.'
'बसवर काय बी लिहू दे,' मी म्हटलं,
'उतरायचं तिथंच.'

ऑगस्टातला गुरुवार, दुसरा तास.
दारात उपप्राचार्य मेजरसाहेब, हातात चिठ्ठी.
'थोरवत. ऑफिसमध्ये.'
आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या,
काय केलं असेल हिनं?
आणि मग दिसलं, निम्मा वर्ग वळलाच नव्हता.
कर्नलचा मुलगा, नाईकची मुलगी,
वेगवेगळ्या ओळींची फी भरणारे सगळे
वहीत बघत होते. पेनं थांबलेली.
कुणीतरी टोपण लावलं,
तेवढा आवाज.
मंदाकिनी उठली. ओढणीची पिन तपासली.
बाक सरकवला, अजिबात न वाजवता,
आणि चालत गेली.

बारा मिनिटं.
फळ्यावर वक्र अर्धाच. मॅडमच्या बोटांत खडू.
मैदानही नेमकं तेव्हा गप्प.

ती आली. 'लायब्ररीचं पुस्तक,' म्हणाली.
'दंड अकरा रुपये.'
आणि हसली. मग तो निम्मा वर्ग हसला,
जरा जास्तच वेळ, जरा जास्तच मोठ्यानं,
कर्नलच्या मुलानं बाक बडवला दोन्ही हातांनी.
आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो :
अकरा रुपयांत हसण्यासारखं काय?

मला संध्याकाळी कळलं, दुसऱ्या गेटात.
मालगाडी जात होती, मी डबे मोजत होते.
सदतिसाव्यावर कळलं.
पुढचे मोजले नाहीत.

घरी अप्पा माग थांबवून पाय धूत होते.
'काय बघालीस?'
'काही नाही.'
घोट्याला सुताचा एक धागा चिकटलेला, निळा.

दंडाचे अकरा रुपये मीच दिले होते.
मार्चात त्यांची बदली झाली,
कुठं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पैसे राहिले.

जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा सातवा रकाना.
न विचारता लिहिलं. पाच्छापुरे म्हणाले, 'पाठ झालं की.'
सहाच्या आता सात साड्या झाल्या होत्या.
मागं मैदानावर कुणाचं तरी पाऊल चुकलं होतं,
उस्ताद सगळ्यांना
पुन्हा एकपासून मोजायला लावत होता.